सुट्ट्या टाकल्या, तरी शेड्यूलमध्ये काम सुट्टीच्याच दिवशी का दिसतं?

दरवर्षी गणपतीच्या आधी हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. "मॅडम, सगळ्या सुट्ट्या भरल्यात, चार्टवर राखाडी पट्टाही दिसतोय, पण कामाचा आडवा बार त्या पट्ट्यावरून सरळ पुढे गेलाय." मी मुंबईत बांधकामाचं प्लॅनिंग करते, रोजचं काम मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्यूल आखायच्या सॉफ्टवेअरवर, मोठ्या कामांना प्रायमाव्हेरा. दोन्हीकडे हा घोळ होतो, आणि दहातल्या आठ फायलींमध्ये कारण एकच निघतं. आधी तेच सांगते.

सप्टेंबर २०२४. परळमधलं पुनर्विकासाचं काम, नवव्या मजल्याचा स्लॅब. तीन आठवड्यांचं शेड्यूल छापून मी साइटवर आणि आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटला पाठवलं होतं. शनिवारी संध्याकाळी मुकादम कागद हातात घेऊन केबिनमध्ये आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, मंगळवारी अनंत चतुर्दशी आहे. मिक्सरच्या गाड्या लालबागवरून कशा काढणार?" मी फाइल उघडली. १७ सप्टेंबर सुट्टी म्हणून भरलेला होता. राखाडी पट्टा होता. आणि काँक्रीटच्या कामाचा बार बरोबर त्याच दिवशी उभा होता. स्लॅब दोन दिवस पुढे, १९ तारखेला गेला. पंपाचं बुकिंग, पोकलेनचा पुढचा दिवस, सळईवाल्यांची टोळी, सगळं पुन्हा जुळवायला त्या रविवारचा पूर्ण दिवस गेला. मुकादमांनी कागद नीट वाचला नसता तर मंगळवारी सकाळी काय झालं असतं, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते.

कारण असं. या सॉफ्टवेअरमध्ये एक कॅलेंडर नसतं, तीन पातळ्यांवर कॅलेंडरं असतात. पूर्ण प्रोजेक्टचं, प्रत्येक रिसोर्सचं (माणसं, टोळ्या, यंत्रं), आणि हवं तर एखाद्या टास्कचं, म्हणजे कामाच्या एका ओळीचं, स्वतःचं. टास्कला रिसोर्स दिलेला नसेल तर ते प्रोजेक्टच्या कॅलेंडरवर चालतं. रिसोर्स दिला की सूत्रं रिसोर्सच्या कॅलेंडरकडे जातात. माझ्या फाइलमध्ये मी 'परळ साइट' नावाचं नवं कॅलेंडर केलं होतं, 'प्रोजेक्ट इन्फर्मेशन'मध्ये ते निवडलंही होतं. पण 'काँक्रीट गँग' हा रिसोर्स त्याआधीच तयार झाला होता आणि त्याचं बेस कॅलेंडर, म्हणजे ज्याच्या आधारावर त्याचे कामाचे दिवस ठरतात ते, सॉफ्टवेअरसोबत येणारं 'स्टँडर्ड'च राहिलं होतं. 'स्टँडर्ड'ला अनंत चतुर्दशी माहीत नव्हती.

तपासायला दोन मिनिटं लागतात. 'रिसोर्स शीट' उघडा, उजवीकडे 'बेस कॅलेंडर' हा रकाना असतो. तिथे खालपर्यंत 'स्टँडर्ड, स्टँडर्ड, स्टँडर्ड' दिसलं की समजा सापडलं. पहिल्या ओळीत योग्य कॅलेंडर निवडा आणि खालपर्यंत ओढा. रेती-सिमेंटसारख्या मटेरियल रिसोर्सना हा रकाना रिकामाच असतो, त्यांची चिंता नको.

खात्रीसाठी एक छोटी चाचणी मी प्रत्येक नव्या फाइलवर करते. यंदाचंच उदाहरण घ्या. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला आहे. शेवटी एक रिकामी ओळ घ्या, टास्क ऑटो शेड्यूल (तारखा सॉफ्टवेअरने ठरवायच्या) ठेवा, गुरुवारी २४ तारखेला सुरू होणारं २ दिवसांचं काम लिहा. सहा दिवसांचा आठवडा असेल तर ते शनिवारी २६ तारखेला संपायला हवं. तिथेच शुक्रवारी संपलं, तर प्रोजेक्ट कॅलेंडरमध्ये सुट्टी नाही. सोमवारी संपलं, तर शनिवार सुट्टीचा धरला जातोय. शनिवारी बरोबर संपलं, की मग त्याच ओळीला रिसोर्स लावा. तारीख मागे उडी मारून शुक्रवारवर आली, तर दोष रिसोर्सच्या कॅलेंडरमध्ये. चाचणी झाली की ती ओळ पुसून टाका. शिवाय 'इन्स्पेक्ट टास्क' नावाची सोय आहे. टास्कवर उभं राहून ती उघडली की डावीकडे ती तारीख कशामुळे ठरली ते दिसतं, त्यात कॅलेंडरही असतं. ही सोय फार कमी जण वापरतात.

राखाडी पट्ट्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो नुसता रंग आहे. टाइमस्केलवर, म्हणजे चार्टच्या वरच्या तारखांच्या पट्टीवर, डबल क्लिक करून 'नॉन-वर्किंग टाइम' टॅबमध्ये गेलात की तिथे कुठल्या कॅलेंडरची सुट्टी रंगवायची ते निवडता येतं, आणि त्या निवडीचा हिशोबाशी काही संबंध नाही. म्हणजे पट्टा एका कॅलेंडरचा, बार दुसऱ्या कॅलेंडरचा, असं एकाच पडद्यावर सुखाने नांदू शकतं. परळला तेच झालं होतं.

सुट्टी एका कॅलेंडरमध्ये, कॅलेंडरं चार

दुसरं कारणही याच कुळातलं. साइटवर दिवसपाळी, रातपाळी, ऑफिस आणि सरकारी मंजुऱ्या अशी चार बेस कॅलेंडरं असतात. लोकांना वाटतं, 'स्टँडर्ड'मध्ये भरलेली सुट्टी बाकीच्यांत आपोआप उतरते. रिसोर्स कॅलेंडरमध्ये ती त्याच्या बेस कॅलेंडरमधून उतरते, हे खरं. पण एका बेस कॅलेंडरमधून दुसऱ्या बेस कॅलेंडरमध्ये काही उतरत नाही. 'मेक अ कॉपी' करून नवं कॅलेंडर केलंत तर त्या क्षणाच्या सुट्ट्या येतात, नंतर जोडलेल्या येत नाहीत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी एकच कॅलेंडर घेऊन त्यात वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या भरायच्या, दोनदा तपासायच्या, आणि मगच त्याच्या प्रती काढून रातपाळी-ऑफिस वगैरे करायचं. उलट क्रमाने गेलात तर तीच यादी चार वेळा टायपावी लागते आणि चौथ्या वेळी एखादी सुटते.

सरकारी कॅलेंडर वेगळं का, असं विचारतात. कारण मंजुरीचं काम शनिवारी पुढे सरकत नाही. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद. साइट मात्र शनिवारी पूर्ण चालते. 'मंजुरी - १५ दिवस' ही ओळ साइटच्या सहा दिवसांच्या कॅलेंडरवर ठेवली, तर ती कागदावर लवकर मिळते आणि प्रत्यक्षात नाही.

मुंबईच्या सुट्ट्या जागच्या जागी राहत नाहीत

एक्सेप्शनला, म्हणजे कॅलेंडरमध्ये भरलेल्या सुट्टीला, 'इयर्ली' म्हणजे दरवर्षी त्याच तारखेला, अशी सोय आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर यांना ती लावा, काही हरकत नाही. सणांना लावू नका. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती पुन्हा पुढे जाऊन १४ सप्टेंबरला. एका फाइलमध्ये मी ७ सप्टेंबर 'दरवर्षी' भरलेला पाहिला होता. त्या माणसाच्या शेड्यूलमध्ये २०२५ ला गणपतीच्या दिवशी काम होतं आणि अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर सुट्टी.

ईदच्या सुट्टीचं तर मुंबईत वेगळंच प्रकरण आहे. ईद-ए-मिलाद आणि विसर्जन लागोपाठ आले की मिरवणुकांची गर्दी टाळण्यासाठी सुट्टी सरकवली जाते. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरलाच आले म्हणून ईदची सुट्टी २९ ला दिली गेली. २०२४ मध्ये मुंबईत ती १६ ऐवजी १८ सप्टेंबरला, २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत ५ ऐवजी ८ सप्टेंबरला. तिन्ही वेळा निर्णय अगदी तोंडावर आला. त्यामुळे डिसेंबरमध्ये कॅलेंडर भरून वर्षभर विसरून जाणं इथे चालत नाही. ऑगस्ट संपता संपता एकदा फाइल उघडून सप्टेंबर तपासावाच लागतो. निवडणुकीच्या वर्षी मतदानाचा दिवसही असाच उशिरा कळतो. २०२४ मध्ये मुंबईला २० मे आणि २० नोव्हेंबर असे दोन गेले.

कुठली यादी वापरायची, हा पुढचा प्रश्न. राज्य सरकार १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम २५ खाली जी सुट्ट्यांची यादी काढतं, ती जशीच्या तशी उचलून साइट कॅलेंडरमध्ये टाकणारे बरेच आहेत. माझ्या मते ते चूक आहे. त्या यादीतल्या निम्म्या दिवशी साइट चालू असते, आणि ज्या दिवशी साइट ओस असते ते दिवस त्या यादीत नसतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. ऑफिस कॅलेंडरसाठी हा पाया बरा. साइटसाठी मुकादमांना आणि ठेकेदारांना बसवून विचारा. होळीला कोण गावी जातं, छठला कोण, गणपतीत कोकणात कोण, ते त्यांना तोंडपाठ असतं.

आणि इथेच एक सांगायचंय. मजूर कमी होणं म्हणजे सुट्टी नव्हे. छठच्या आठवड्यात ४० पैकी १५ सुतार राहिले, तर ते दिवस 'नॉन-वर्किंग' करू नका. नाहीतर प्लंबिंग, लिफ्ट, सगळंच थांबेल. रिसोर्सच्या माहितीत 'रिसोर्स अव्हेलेबिलिटी'चा तक्ता असतो, तिथे त्या तारखांपुरती संख्या कमी करा.

तारीख भलत्याच महिन्यात जाते

हा दोष शोधायला मला एकदा पूर्ण संध्याकाळ लागली होती. काही सुट्ट्या बरोबर, काही गायब. संगणकाच्या विंडोजमध्ये रीजन अमेरिकेचा असेल तर महिना आधी धरला जातो. तुम्ही २/१० लिहिता, ती गांधी जयंती १० फेब्रुवारीला जाऊन बसते. १/५ लिहिलेला महाराष्ट्र दिन ५ जानेवारीला. ज्यांची तारीख १२ च्या पुढची, त्यांची अशी अदलाबदल होऊच शकत नाही, म्हणून फक्त थोड्या सुट्ट्या बिघडतात आणि संशय येत नाही. नवा लॅपटॉप मिळाला की रीजन भारत आहे ना, ते आधी बघा, आणि तारीख भरताना महिन्याचं नाव दिसेल असं रूप निवडा.

सुट्टी बरोबर, पण काम अर्ध्या दिवसात संपतंय

सॉफ्टवेअरमधलं 'स्टँडर्ड' कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५ असं असतं. आपली साइट सोमवार ते शनिवार. शनिवार चालू करायला एक्सेप्शन टाकत बसू नका. 'वर्क वीक्स' टॅब, 'डिफॉल्ट', 'डिटेल्स', शनिवार निवडून वेळ भरा. सुट्ट्या एक्सेप्शनमध्ये, आठवड्याची घडी वर्क वीकमध्ये, ही विभागणी पाळली की फाइल पुढच्या माणसालाही कळते.

हे करून लोक थांबतात, आणि इथेच गडबड होते. 'ऑप्शन्स'मधल्या 'शेड्यूल' पानावर दिवसाचे तास ८, आठवड्याचे ४०, महिन्याचे दिवस २० असे आकडे असतात. ते कॅलेंडर नाहीत, ते रूपांतराचे आकडे आहेत. साइट ९ ते १ आणि २ ते ७ अशी ९ तास चालते आणि इथे ८ च राहिले, तर ५ दिवसांचं काम म्हणजे ४० तास. ते पाचव्या दिवशी दुपारी १ वाजता संपतं. तसंच ८ तासांच्या साइटवर '२ आठवडे' लिहिलं की ८० तास, म्हणजे १० दिवस. सहा दिवसांच्या आठवड्यात सोमवारी सुरू झालेलं ते काम दुसऱ्या गुरुवारीच संपतं. मग कुणीतरी म्हणतं सुट्टी चुकली. सुट्टी चुकलेली नसते. आठ तासांच्या सहा दिवसांच्या साइटला आठवड्याचे ४८ तास भरा, ९ तासांच्या साइटला दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ५४.

रातपाळी

रेल्वेच्या ब्लॉकमधली कामं, रस्त्यावरचं गर्डर चढवणं, ही कामं रात्रीच होतात. सॉफ्टवेअर दिवस मध्यरात्री कापतं. तयार 'नाइट शिफ्ट' कॅलेंडर उघडून बघा, मंगळवारच्या खाली १२ ते ३, ४ ते ८ आणि मग रात्री ११ ते १२ असे तीन तुकडे दिसतील. पहिले दोन सोमवारच्या रात्रीच्या पाळीचे, शेवटचा मंगळवारच्या. आता १५ ऑगस्ट सुट्टी टाकली की १४ च्या रात्री कामावर आलेली टोळी ११ ते १२ एक तास काम करते, आणि मध्यरात्रीनंतर सॉफ्टवेअर तिला घरी पाठवतं. खरी सुट्टी १५ च्या रात्रीची हवी असेल, तर १५ ला पहाटेचे तुकडे चालू ठेवून रात्रीचा ११ ते १२ काढा, आणि १६ ला पहाटेचे काढून रात्रीचा ठेवा. अर्थात १६ ऑगस्ट आधीच सुट्टीचा वार असेल तर वेगळं.

रात्रीच्या कामाला टास्क कॅलेंडर लावलं आणि रिसोर्स दिवसपाळीचाच राहिला, तर दोघांचा समान वेळ शून्य येतो आणि सॉफ्टवेअर तक्रार करतं. 'टास्क इन्फर्मेशन'मध्ये 'शेड्युलिंग इग्नोअर्स रिसोर्स कॅलेंडर्स' ही खूण करता येते. मी शक्यतो करत नाही, कारण मग त्या माणसाची रजाही दुर्लक्षित होते. रातपाळीचा वेगळा रिसोर्स केलेला बरा.

जिथे सुट्टी लागूच नको

स्लॅब टाकल्यावर त्याला दिवाळी कळत नाही. आयएस ४५६:२००० नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, मिश्र सिमेंटला किमान १० आणि शिफारस १४ दिवसांची. दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. पण क्युरिंगची (पाणी मारून ओलं ठेवण्याची) ओळ साधी '१४ दिवस' अशी लिहिली तर सॉफ्टवेअर मधले रविवार आणि सण वगळून ती अडीच आठवड्यांवर नेतं, आणि प्रत्येक मजल्यामागे दोन-तीन दिवस फुकट जातात. वीस मजल्यांना ते किती होतात, तुम्हीच जोडा. अशा ओळींना इलॅप्स्ड ड्युरेशन द्या, म्हणजे आकड्यापुढे 'डी'च्या आधी 'ई'. मग कुठलंही कॅलेंडर आड येत नाही. ती ओळ सुट्टीच्या दिवशी संपली तरी पुढचं काम आपोआप पुढच्या कामाच्या दिवशीच सुरू होतं.

हे कळल्यापासून मी दिवाळीच्या आदल्या दिवसांत स्लॅब बसवायचा प्रयत्न करते, क्युरिंगचे दिवस सुट्टीत निघून जातात. फक्त पाणी मारायला माणूस थांबणार आहे का, हे आधी नाव घेऊन ठरवायचं, आणि तो गावी जाणाऱ्यांपैकी नसावा.

पावसाळ्यालाही 'सुट्टी' करून टाकू नका. मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो, २०२५ मध्ये तर २६ मे लाच आला. चार महिने नॉन-वर्किंग केले तर आतला प्लास्टरही थांबतो. खोदकाम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग अशा मोजक्या ओळींसाठी पावसाळ्याचं वेगळं बेस कॅलेंडर करून टास्कला लावा.

बाकीची छोटी कारणं

टास्क 'मॅन्युअली शेड्यूल्ड' असेल तर सुट्टी कितीही भरा, ते हलत नाही. ओळीच्या डाव्या बाजूला पिनचं चिन्ह दिसतं. २०१० च्या आवृत्तीपासून नवी टास्कं आपोआप मॅन्युअल होतात, म्हणून हे फार आढळतं. शेवटची तारीख हाताने टाइप केलीत तर 'फिनिश नो अर्लियर दॅन' असं बंधन गुपचूप लागतं, ते कन्स्ट्रेंटच्या रकान्यात शोधा. पूर्ण झालेली कामं सुट्टीने सरकत नाहीत, ते योग्यच आहे. आणि बेसलाइन (मूळ शेड्यूलची जपून ठेवलेली प्रत) घेतल्यावर सुट्ट्या भरल्या तर प्रत्येक ओळ उशिराची दिसते, मग क्लायंटच्या बैठकीत त्याचं उत्तर द्यावं लागतं. सुट्ट्या आधी, बेसलाइन नंतर.

प्रायमाव्हेरात रोग तोच, जागा वेगळी. ॲक्टिव्हिटीचा (तिथे कामाच्या ओळीला हे नाव) प्रकार 'टास्क डिपेंडंट' असेल तर ॲक्टिव्हिटीचं कॅलेंडर चालतं, 'रिसोर्स डिपेंडंट' असेल तर रिसोर्सचं. आधी तो रकाना बघा. ग्लोबल कॅलेंडरमधल्या सुट्ट्या प्रोजेक्ट कॅलेंडरमध्ये हव्या असतील तर त्यात 'इन्हेरिट' निवडलेलं असावं लागतं. लॅग (दोन कामांमध्ये ठेवलेलं अंतर) कुठल्या कॅलेंडरने मोजायचा, हे शेड्यूलच्या ऑप्शन्समध्ये चार पर्यायांतून ठरतं, आणि क्युरिंग लॅगने दाखवणाऱ्यांनी ते तपासलंच पाहिजे. शिवाय सुट्टी भरून एफ९ (शेड्यूल पुन्हा मोजायची कळ) दाबल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही. निम्म्या तक्रारी त्या एका कळीत मिटतात.

फाइल दुरुस्त झाली की नवं शेड्यूल तारीख घालून छापा, आरएमसी प्लांटला आणि ठेकेदारांना पाठवा, आणि साइट केबिनच्या भिंतीवरचा जुना कागद स्वतः जाऊन काढा. परळला मी फाइल रविवारीच सुधारली होती, पण सोमवारी दुपारी पंपवाला जुनाच कागद बघून फोन करत होता.